पाच बॉक्स, एक तार

गिटार माझी नव्हे, लेकीची. बारावीला चांगले मार्क पडले म्हणून तिनं हट्टानं घ्यायला लावली, चार महिने वाजवली आणि कपाटावर ठेवून पुण्याला शिकायला निघून गेली. पुढं दोन वर्षं मी दर रविवारी त्या गिटारीवरची धूळ पुसत होते. असाच एक रविवार होता, हातात फडकं होतं, आणि नवरा चहा पिता पिता म्हणाला, "इकून टाकूया की. कुणीतरी वाजवंल तरी."

त्या 'कुणीतरी'नं माझं डोकं फिरलं. "का? मी न्हाई वाजवू शकत?"

"तू?" एवढंच म्हणाला. पुढं बोलायची त्याला गरज नव्हती, आणि मलाही नव्हती. दुसऱ्या दिवशी कामावरनं सुटल्यावर मी इथंच कोल्हापुरात, राजारामपुरीत जाऊन क्लास लावून आले. घरी येऊन जाहीर केलं, "मंगळवार-शुक्रवार मी क्लासला जातो. आमटी तू कर." आमच्याकडं बायकाही 'मी जातो, मी आलो' असंच म्हणतात. त्यात काही चुकीचं आहे हे मला लग्नानंतर पुण्याच्या एका नातेवाईकबाईंनी सांगितलं. मी त्यांचं ऐकलं नाही.

माझं वय सेहेचाळीस, सरांचं सव्वीस. सरांच्या दंडावर ड्रॅगन गोंदलेला, पण पोरगा गुणी. पहिले दोन महिने बोटं सोलून निघाली. मग सर म्हणाले, "मॅडम, आता पेंटाटॉनिक." सात सुरांतले दोन काढून टाकायचे, पाच ठेवायचे. त्या पाचातला कुठलाही कुठल्याही पुढं वाजवा, कानाला खुपत नाही. हे मला फार आवडलं. मी दूध संघाच्या प्रयोगशाळेत काम करते. दिवसभर फॅट बघायचं, पाणी घातलंय का बघायचं, आणि कॅन परत गेला की गवळ्यांच्या शिव्या खायच्या. इथं मात्र काहीही मिसळलं तरी नमुना पास होत होता.

पण ते पाच सूर गिटारीच्या मानेवर खालपासून वरपर्यंत विखुरलेले असतात. ते लक्षात राहावेत म्हणून त्यांचे पाच तुकडे पाडलेत. एकेका तुकड्याला बॉक्स म्हणतात. सरांनी पाच बॉक्सचा एक कागद दिला. सहा आडव्या रेघा म्हणजे तारा, आणि बोट कुठं ठेवायचं तिथं काळे ठिपके. मी त्याच्या तीन झेरॉक्स काढल्या. एक फ्रिजवर, एक बाथरूमच्या दारावर आणि एक डब्याच्या पिशवीत. तीन महिन्यांत पाचही बॉक्स पाठ. झोपेतनं उठवून विचारा, तीन नंबरच्या बॉक्समध्ये चौथ्या तारेवर बोट कुठं, मी सांगितलं असतं.

घोडं वेगळ्याच ठिकाणी पेंड खात होतं. एका बॉक्समधनं दुसऱ्यात जाताच येत नव्हतं. बॉक्स एक सुरेख वाजायचा. बॉक्स दोनही वाजायचा. मधे मात्र मी थांबायची, कागद आठवायची, बोटं उचलायची आणि नवीन जागेवर ठेवायची, तोवर मागं मोबाइलवर वाजणारा ताल दोन गल्ल्या पुढं गेलेला असायचा. सर म्हणायचे, "मॅडम, बॉक्स एकमध्ये भाड्यानं ऱ्हायला आलाय काय तुम्ही?" मी रोज संध्याकाळी तासभर बसायची. नवरा गिटारीचं कव्हर उघडल्याचा आवाज आला, की "जरा रंकाळ्यावर चक्कर टाकून येतो" म्हणून सटकायचा. तीन महिन्यांत त्याची शुगर खाली आली. डॉक्टरांनी त्याचं कौतुक केलं, माझं नाही.

असं सगळं मजेत चाललेलं असताना अण्णा आले.

अण्णा म्हणजे माझे वडील. आई गेल्यापासून पेठ वडगावात एकटेच असतात, कुणाचं ऐकत नाहीत. या वेळी मोतीबिंदूचं ऑपरेशन करायचं म्हणून नाइलाजानं कोल्हापूरला आले. डॉक्टर म्हणाले सहा आठवडे ड्रॉप घालायचे, मग शेवटची तपासणी, मग खुशाल गावी जा. म्हणजे सहा आठवडे अण्णा आमच्या हॉलमधल्या सोफ्यावर, काळा चष्मा लावून. आणि मी गिटार वाजवायची तीही हॉलमध्येच, कारण बेडरूममध्ये पंख्याचा आवाज येतो.

तुम्ही म्हणाल, मग त्यात काय? त्यात असं, की अण्णा वाजवणारे आहेत.

वडगावात त्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान होतं. विहिरीवरच्या जळलेल्या मोटारी उघडायच्या आणि तांब्याची तार नव्यानं भरायची. पण गावात त्यांना मोटारवाला कुणी म्हणत नसे, बेंजोवाला म्हणत. वरात असो, गणपती असो, जत्रा असो, अण्णांची बेंजो पार्टी ठरलेली. ट्रॉलीत बॅटरी आणि अँप्लिफायर, वर दोन भोंगे, पुढं ताशेवाला आणि ढोलकीवाला, आणि मधोमध निळा सॅटिनचा शर्ट घालून, मांडीवर बेंजो घेतलेले अण्णा. ज्यांनी बेंजो बघितला नाही त्यांच्यासाठी सांगते, लाकडी पेटीवर तारा ताणलेल्या असतात आणि त्यांच्यावर टाइपरायटरसारखी बटणं. डाव्या हातानं बटणं दाबायची, उजव्या हातानं तार छेडायची.

तिन्हीसांजेला आमच्या गल्लीतल्या सगळ्या आया दारात उभ्या राहून पोरांच्या नावानं ओरडायच्या. मला कधी कुणी ओरडून बोलावलं नाही. दुकान बंद करून आले की अण्णा कट्ट्यावर बसून बेंजोवर एक चाल वाजवायचे. एवढीशीच. वर जायची, जरा थांबायची आणि खाली यायची. ती ऐकली की ताटं मांडलीत असं समजून मी असेन तिथून पळत सुटायची. बाकीची पोरं चिडवायची, "हिच्या जेवणाची घंटा झाली." मला त्या चिडवण्याचाही अभिमान होता.

मग मी कोल्हापूरला कॉलेजात आले आणि अभिमान कुठं गेला कुणास ठाऊक. होस्टेलवरच्या मैत्रिणींचे वडील वकील, प्रोफेसर, साखर कारखान्यात साहेब. मी सांगितलं, आमच्या वडलांचा इलेक्ट्रिकचा व्यवसाय आहे. खोटं नव्हतं, नुसतं पाणी घालून पातळ केलेलं होतं.

आणि पहिल्याच वर्षी, गणपती विसर्जनाच्या दिवशी, महाद्वार रोडला आम्ही चौघी-पाचजणी मिरवणूक बघत उभ्या असताना अण्णांची ट्रॉली समोर आली. निळा शर्ट, खांद्यावर सोनेरी झालर, घामानं थबथबलेले. त्यांनी मला बघितलं. एवढ्या गर्दीतनं नेमकं बघितलं. शेजारची मैत्रीण म्हणाली, "अगं, तो बेंजोवाला तुझ्याकडंच बघतोय. ओळखतीस काय?"

"छे," मी म्हणाले. "गावाकडचा असंल कुणीतरी."

माझे कान नुसते तापले होते, आत काही नीट शिरत नव्हतं. तेवढ्यात बेंजो चुकला. चालू गाणं सुटून मधेच भलतंच काहीतरी वाजलं, ताशेवाल्यानं मागं वळून बघितलं, नाचणारी पोरं अडखळली. "चुकला, चुकला!" करून मैत्रिणी खिदळल्या. मीही हसले. त्यांच्यापेक्षा मोठ्यानं हसले, शंका नको म्हणून. मग ट्रॉली पुढं पंचगंगेकडं गेली आणि आम्ही भेळ खायला गेलो.

याची मला इतकी लाज वाटते, की नवऱ्यालासुद्धा मी हे कधी सांगितलेलं नाही.

त्यानंतर अण्णांनी माझ्यापुढं बेंजोचं नाव काढलं नाही. माझ्या लग्नात तर त्यांनी कोल्हापूरचा ब्रास बँड ठरवला. साऱ्या तालुक्याच्या वराती वाजवणाऱ्या माणसानं स्वतःच्या लेकीच्या लग्नात दुसऱ्याचा बँड आणला! लोक विचारत होते. अण्णा नुसते हसत होते. मी मुंडावळ्या बांधून बसले होते आणि माझ्या मनात एकच, त्यांनी बघितलं होतं, त्यांना कळलं होतं. पुढं साउंड सिस्टीम आल्या, बेंजो पार्ट्या बंद पडल्या, अण्णांचा बेंजो कापडात गुंडाळून माळ्यावर गेला. "अण्णा, माझं चुकलं," एवढं एक वाक्य मी सत्तावीस वर्षं पोटात घेऊन हिंडत होते. दिवाळीला बोलू, आईच्या वर्षश्राद्धाला बोलू, असं करत करत सत्तावीस वर्षं. आता मात्र अण्णा सहा आठवडे माझ्या घरात होते. या वेळी बोलायचंच, असं मी ठरवलं.

ठरवलं खरं, पण ज्या बाईनं बापाच्या वाद्याची लाज धरली, तीच बाई आता त्यांच्यासमोर गिटार घेऊन टिंग टिंग करत बसलेली. हे त्यांना कसं वाटत असेल? आठवडा गेला, दोन गेले, अण्णा गिटारीबद्दल चकार शब्द बोलेनात. काळ्या चष्म्यामुळं डोळे दिसत नाहीत. जागे आहेत की झोपलेत तेही कळत नाही. एखाद्या सिनेमातल्या स्मगलरसारखे नुसते बसून. मी चुकले की त्यांच्या पायाचा अंगठा हलायचा. मी पुन्हा चुकायची. अंगठा पुन्हा हलायचा. आई गं, असली परीक्षा मी उभ्या जन्मात दिली नव्हती.

सहाव्या आठवड्यातला रविवार उजाडला. सोमवारी तपासणी, मंगळवारी अण्णा एसटीनं वडगावला. संध्याकाळी नवरा स्वयंपाकघरात आमटीच्या मागं होता आणि मी हॉलमध्ये बॉक्स एकमधनं बॉक्स दोनमध्ये जायच्या खटपटीत. दहाव्यांदा अडखळले. अंगठा हलला. आणि सोफ्यावरनं आवाज आला.

"थांब. किती येळ त्याच चौकात चकरा मारालीस? म्होरं जा की."

मी दचकलेच. "जाता येत न्हाई अण्णा. बॉक्स बदलताना अडखळतो."

"कसला बॉक्स?"

मी फ्रिजवरचा कागद आणून दाखवला. अण्णांनी तो हातातसुद्धा घेतला नाही. "आण हिकडं ते," म्हणाले आणि गिटार मागून घेतली. घेतली ती सरळ मांडीवर आडवी ठेवली, बेंजो ठेवतात तशी. डावा हात वरनं, उजव्याचा अंगठा तारेवर. "पाच तारा न्हाईतच समज. एकच घे, बारकी." मग ते चाचपत निघाले. एक सूर, पुढचा, हा नको, हा हवा. त्यांना ना बॉक्स माहीत ना पेंटाटॉनिक. नुसत्या कानानं त्यांनी त्या एका तारेवर, मानेवरच्या तिसऱ्या पट्टीपासून बाराव्या पट्टीपर्यंत पाचही सूर शोधून काढले. बरोबर तेच, माझ्या कागदावरचे. आणि मग त्या तारेवरनं वर गेले, खाली आले, कुठं थांबणं नाही की अडखळणं नाही.

"बेंजोला असंच जातंय," ते म्हणाले. "आडवं. तू नुसतं उभ्यानं चढतीस आन् उतरतीस."

मी कागदाकडं बघितलं आणि कपाळाला हात लावला. त्या बारक्या तारेवर एका बॉक्सचा शेवटचा ठिपका म्हणजेच पुढच्या बॉक्सचा पहिला ठिपका. पाचही बॉक्सचं तसंच. जिथं मी भिंत समजून दर वेळी थांबत होते, तिथं दोन्ही खोल्यांचा एकच उंबरठा होता. इतके महिने ते फ्रिजवर, माझ्या नाकासमोर छापलेलं होतं, आणि मी रोज तिथनं दूध काढत होते.

गिटार घेतली. आधी एका तारेवर, मग दोन तारांवर. अर्ध्या तासात मी पहिल्या बॉक्समधनं दुसऱ्यात आणि दुसऱ्यातनं तिसऱ्यात गेले, आणि मोबाइलवरचा ताल माझ्या बरोबरीनं चालत होता. मला एवढा आनंद झाला, की मी उठून अण्णांच्या पाया पडले. ते म्हणाले, "डोळ्यात ड्रॉप हाईत, हलवू नको मला."

"सहा आठवडे बोलला का न्हाई मग?" मी विचारलं.

"शिकणाऱ्याच्या मदी बोलू नये. आपलं आपल्याला घावलं तर बरं. पर परवा जायाचं हाय, म्हटलं तोवर काय हिला घावत न्हाई."

अण्णांचा मूड चांगला होता. मी ठरवलं, हीच वेळ. पण ते वाक्य काही थेट तोंडातनं बाहेर येईना, म्हणून कडेकडेनं गेले. "अण्णा, एक विचारू? माझ्या लग्नात तुम्ही बेंजो का न्हाई वाजवला? बँड का आणला?"

"बेंजोला दोन्ही हात लागत्यात," अण्णा म्हणाले. "पोरगी सासरला निघाली. हात गुतल्यावर डोळं कशानं पुसू?"

पंचवीस वर्षं मी त्या बँडचा केवढा अर्थ लावत बसले होते. घशाशी आलेलं ते वाक्य मी आता बाहेर काढणारच होते, तेवढ्यात अण्णांनी गिटार पुन्हा मांडीवर ओढली आणि त्याच तारेवर एक चाल वाजवली. वर गेली, जरा थांबली, खाली आली.

"वळखलीस?"

"जेवणाची चाल," मी म्हणाले. कितीतरी वर्षांनी ऐकत होते.

"म्हाद्वारात वाजवलीती तीच," अण्णा म्हणाले.

"म्हाद्वारात?" मी विचारलं.

"तू कॉलेजात हुतीस बघ. गणपतीला. पोरींच्यात हुबी हुतीस. म्हटलं, हाक मारावी तर पोरगी लाजंल, शहरातल्या मैत्रिणी हाईत संगं. न मारावी तर जीव ऱ्हाईना. म्हणून चालू गाणं सोडलं आन् ही वाजवली. ताशेवाल्यानं आईवरनं शिवी हासडली मला. नाचणारी पोरं अंगावर आली." अण्णा स्वतःशीच हसायला लागले. "पर तू हसलीस. लांबनं बघितलं मी. चांगली मोठ्यानं हसलीस. म्हटलं, बास. एवढ्या दंग्यात पोरीनं चाल वळखली. घरी येऊन तुझ्या आईला सांगितलं, तर ती म्हणती, भूक लागली असंल तिला."

आईचं ते वाक्य सांगताना त्यांचा चेहरा असा काही फुलला होता, की काळ्या चष्म्याआडसुद्धा दिसत होतं. हे त्यांनी किती जणांना सांगितलं असेल कोण जाणे. मी ज्या हसण्यापायी सत्तावीस वर्षं तोंड चुकवत होते, ते हसू या माणसानं तेवढीच वर्षं जिवापाड जपलं होतं.

दुधात पाणी असलं तर मी कुणाच्या बापाचं ऐकत नाही. जे असेल ते रिपोर्टात लिहिते. पण हे माझ्याच बापाचं होतं. ते वाक्य बोलून माझं ओझं उतरलं असतं, आणि त्यांच्याकडं काय उरलं असतं? मी ते वाक्य गिळलं.

"लगेच वळखली की," मी म्हणाले. "न वळखून कसं?"

"तेच म्हणतो मी," अण्णा म्हणाले.

पाणी प्यायचं निमित्त करून मी स्वयंपाकघरात गेले आणि ओट्याला टेकून ढसाढसा रडले. नवरा पळी हातात घेऊन बघतच राहिला. "काय झालं गं?"

"कांदा," मी म्हणाले.

"कांदा मी मघाशीच चिरून फोडणीला टाकलाय."

"मग त्योच."

लग्नाला पंचवीस वर्षं झाली की नवऱ्याला काही गोष्टी कळतात. त्यानं गॅस बंद केला, ताटं काढली, भाकरीचा डबा बाहेर नेऊन ठेवला आणि अण्णांना म्हणाला, "अण्णा, चला, जेवण तयार हाय. तिलाबी बोलवा."

अण्णांनी मला हाक मारली नाही. बाहेरनं एका तारेवर एक सूर आला. दुसरा यायच्या आत मी तोंडावर पाणी मारलं आणि पदरानं पुसत निघाले.

"आलो, अण्णा."